गारवा आपला, घरघर शेजाऱ्याची

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच वेगळे पडलेले आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशात आहेत. साहजिकच उन्हाळ्याला तोंड देण्याच्या दोन्हीकडच्या रीतीही निराळ्या होत्या. घाटाखालची मंडळी जाड भिंतींच्या, धाब्याच्या घरांत दुपार काढीत आणि रात्री अंथरुणे गच्चीवर नेत. घाटावर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या की रात्रीचा वारा पुरेसा होई. दोन्हीकडची एक गोष्ट मात्र समान होती. रात्री दहानंतर गल्लीत शांतता असे आणि ती कोणाला विकत घ्यावी लागत नसे.

आता धाब्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. मोकळ्या जागा बांधकामांनी भरल्या, झाडे कमी झाली आणि घाटावरच्या गावांतही एप्रिल-मेच्या रात्री पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. त्यामुळे वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपला रोजच्या बोलण्यातला एसी, ही आता चैन राहिलेली नाही. घरात वृद्ध आईवडील असतील, हृदयविकाराचा रुग्ण असेल किंवा तान्हे बाळ असेल, तर ती गरजच ठरते. तेव्हा एसी लावणाऱ्यास दोष देण्याचा या लेखाचा हेतू नाही. हेतू इतकाच, की आपल्या खोलीतील गारव्याची जी किंमत शेजाऱ्याच्या खोलीत मोजली जाते, तिचा हिशेब एकदा शांतपणे मांडावा.

कूलर आणि एसी : एक महत्त्वाचा फरक

विदर्भाच्या उन्हाळ्याशी कूलरचे नाते जुने आहे. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाण्याचा पंप. आवाज त्यालाही होता, किंबहुना चांगलाच मोठा होता. परंतु कूलरचे तोंड घरात असे. पंख्याची घरघर सर्वांत आधी ऐकू येई ती कूलरच्या मालकाला. आवाज असह्य झाला तर तोच उठून पंख्याचा वेग कमी करी. ज्याला गारवा, त्यालाच आवाज, असा तो सरळ व्यवहार होता.

खिडकीत बसणाऱ्या जुन्या एसीचीही स्थिती बरीचशी अशीच होती. कॉम्प्रेसर, पंखा, सर्व काही एकाच पेटीत असल्याने मालकालाही त्याचा आवाज ऐकावा लागे. स्प्लिट एसी आला आणि या व्यवहारात मूलभूत बदल झाला. यंत्राचे दोन भाग झाले. शांत भाग खोलीत राहिला. कॉम्प्रेसर आणि मोठा पंखा असलेला, आवाज करणारा भाग भिंतीबाहेर गेला. मालकाच्या खोलीत आता पानांच्या सळसळीएवढाही आवाज होत नाही. त्याची दारे-खिडक्या बंद असतात. बाहेर काय चालले आहे, हे त्याला खरोखरच ठाऊक नसते.

आयुष्यभर बँकेत जमा-नावे लिहिण्याचे काम केल्यामुळे मला हा प्रकार खातेवहीच्या भाषेत दिसतो. गारवा एका खात्यात जमा होतो आणि आवाज दुसऱ्याच खात्यावर नावे पडतो. दुसऱ्या खातेदाराची सही मात्र कोणी घेतलेली नसते. त्यात आणखी एक विसंगती आहे. ज्याच्या घरी एसी नाही, त्यालाच वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. म्हणजे ज्याला यंत्र परवडत नाही, त्याच्याच कानावर शेजारच्या यंत्राचा आवाज सर्वाधिक पडतो. एसीच्या आवाजाचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे, असे मला वाटते ते यामुळेच.

आवाजाचे गणित

आवाज डेसिबल या एककात मोजतात. हे एकक आपल्या नेहमीच्या बेरीज-वजाबाकीप्रमाणे चालत नाही, त्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा पट होणे. कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. सारख्या आवाजाची दोन यंत्रे शेजारी-शेजारी लावली, तर आकडा दुप्पट होत नाही, तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. उलट, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने उतरतो.

एक ते दीड टन क्षमतेच्या स्प्लिट एसीच्या बाहेरील यंत्राचा आवाज एक मीटर अंतरावर सर्वसाधारणपणे ५० ते ६० डेसिबलच्या दरम्यान असतो. तो ५५ धरला, तर मोकळ्या जागेत दोन मीटरवर ४९ आणि चार मीटरवर ४३ डेसिबल इतका उरतो. हे झाले मैदानातील गणित. आपल्या गावांतील दोन घरांमध्ये मैदान नसते, चार-पाच फुटांचा बोळ असतो. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या गुळगुळीत भिंती असतात. आवाज एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहतो आणि अंतरामुळे जो लाभ व्हायचा, तो पुष्कळसा बुडतो. अशा बोळात समोरच्या खिडकीपाशी आवाज सहज पन्नासच्या वर राहतो. यंत्र कोपऱ्यात किंवा छताखाली बसवले असेल, तर आणखी भर पडते.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी दोन वाजता ५० डेसिबलकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण रस्त्यावरची वर्दळ त्याहून मोठी असते. रात्री दोन वाजता तेच यंत्र, तोच आकडा, पण भोवती काहीच नाही. शिवाय कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हाचा धक्का झोप मोडण्यास पुरेसा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहातील सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली आणि २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या घराबाहेरील आवाजाची मर्यादा सरासरी ४० डेसिबल असावी, असे सांगितले. झोपेचा भंग हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे या शिफारशींमागील तत्त्व होय.

तिसरी बाब म्हणजे आवाजाची जात. कॉम्प्रेसरचा खालच्या पट्टीतील गुणगुणाट मोजमापात फारसा दिसत नाही, कारण प्रचलित मोजणी पद्धतीत खालच्या पट्टीला कमी वजन दिलेले असते. हा गुणगुणाट भिंतीतून सहज पार होतो आणि खोलीत घुमतो. जपानमध्ये घराबाहेर बसवल्या जाणाऱ्या, याच तत्त्वावर चालणाऱ्या पाणी तापवण्याच्या यंत्रांविषयी शेजाऱ्यांच्या निद्रानाशाच्या तक्रारी आल्या. तेथील ग्राहक सुरक्षा चौकशी आयोगाने २०१४ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि यंत्र बसवण्याची जागा निवडताना शेजाऱ्याच्या शयनगृहाचा विचार करण्यावर भर दिला. तेव्हा "मला तर काहीच ऐकू येत नाही" हे मालकाचे म्हणणे आणि "मला रात्रभर झोप नाही" हे शेजाऱ्याचे म्हणणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

कायदा काय सांगतो?

ध्वनीला कायद्याच्या दृष्टीने प्रदूषकाचे स्थान आहे. वायू प्रदूषण कायदा १९८१ चा. त्यात १९८७ च्या दुरुस्तीने ध्वनीचा समावेश झाला. पुढे केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू केले. त्यानुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, वाणिज्य क्षेत्रात अनुक्रमे ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. ही मर्यादा एकट्या यंत्राची नसून त्या परिसरातील एकूण आवाजाची आहे, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र तयार होताना त्याचा आवाज किती असावा, याचाही एक तक्ता पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचीत आहे. त्यात एक ते दीड टनाच्या खिडकीतील एसीसाठी ६८, कूलरसाठी ६० आणि रेफ्रिजरेटरसाठी ४६ डेसिबल अशी मर्यादा दिलेली आहे. हा तक्ता खिडकीतील एसीच्या काळातला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ऐकायचे नाही असे ठरवण्याचा अधिकारही नागरिकाला आहे, हा त्या निकालाचा आशय आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि महानगरपालिकांच्या शहरांचे ध्वनिनकाशे तयार करण्याचे आदेश दिले. त्यानंतर नागपूरच्या नीरी या संस्थेने राज्यातील २७ शहरांचा असा अभ्यास केला. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही; त्यामुळे आपल्या गावांचा आवाज आपणच ऐकायचा आणि आपणच आवरायचा आहे.

हे दोन्ही निकाल प्रामुख्याने ध्वनिक्षेपक, फटाके, उत्सव यांच्या संदर्भातील आहेत. त्यातील तत्त्व सर्व आवाजांना लागू पडते. परंतु शेजारच्या एसीसाठी प्रत्यक्ष काय करता येते, हे वेगळे पाहावे लागते.

पंचेचाळीस ते पंचावन्न

नियमांतील सातवा नियम या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा आवाज दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक वाढला, अथवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर नागरिकाला प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. प्राधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नियुक्त केलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. आठव्या नियमाने एखाद्या जागेतील व्यवसायामुळे किंवा कामामुळे होणाऱ्या आवाजावर लेखी आदेशाने निर्बंध घालण्याचा अधिकारही त्यास आहे.

आता आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहू. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दहा डेसिबलच्या निकषावर तक्रारीचा दरवाजा उघडतो ५५ डेसिबलला. घरगुती एसीचा शेजारच्या खिडकीपाशी पोहोचणारा आवाज बहुतेक वेळा याच दोन आकड्यांच्या मध्ये असतो. म्हणजे मर्यादा ओलांडलेली असते, झोप मोडलेली असते, पण तक्रारीचा हा दरवाजा अजून उघडलेला नसतो. हा जो दहा डेसिबलचा पट्टा आहे, तो कायद्याने जवळजवळ शेजारधर्मावर सोपवलेला आहे. या पट्ट्यात पोलीस, तहसील कार्यालय किंवा न्यायालय यांचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो मेकॅनिकच्या पान्याचा आणि चार सौम्य शब्दांचा.

कायद्याचे इतर मार्ग आहेतच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. परंतु त्यासाठी उपद्रव सार्वजनिक, म्हणजे वस्तीला जाणवणारा असावा लागतो. एकाच घराला होणारा त्रास हा खाजगी उपद्रव ठरतो आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाईहुकमाचा दावा लावावा लागतो. तो मार्ग मोकळा आहे. पण दाव्याच्या तारखा पडत असताना किती उन्हाळे जातील आणि निकाल लागल्यावर शेजार कितपत शिल्लक राहील, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

परदेशांतही कायद्याने याच पट्ट्याकडे लक्ष दिलेले दिसते. जर्मनीच्या १९९८ च्या ध्वनिविषयक नियमावलीत सर्वसाधारण निवासी भागात यंत्रांच्या आवाजासाठी रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे आणि आवाज मोजला जातो तो शेजाऱ्याच्या खिडकीपाशी. यंत्राजवळ किती आवाज आहे यापेक्षा शेजाऱ्याच्या खिडकीपाशी किती पोहोचतो, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा मानला आहे. आपण हाच प्रश्न कायद्याची वाट न पाहता स्वतःला विचारू शकतो.

निर्णय होतो तो बसवण्याच्या दिवशी

एसी घेताना आपण किती टन, किती स्टार, हप्ता किती, हे सर्व बारकाईने पाहतो. बाहेरील यंत्र कोठे बसणार, हा प्रश्न मात्र मेकॅनिक दारात आल्यावर पाच मिनिटांत सुटतो. त्याला जवळची जागा सोयीची असते, कारण तांब्याची नळी कमी लागते. आणि जवळची जागा म्हणजे बहुधा बाजूचा बोळ, शेजाऱ्याच्या शयनगृहाच्या खिडकीसमोर. पुढील दहा वर्षांच्या आवाजाचा निर्णय त्या पाच मिनिटांत होऊन जातो. म्हणून यंत्र घरी येण्यापूर्वीच पुढील गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जागेची. गच्ची असेल तर गच्ची ही उत्तम जागा. तेथे यंत्र कठड्यापासून आत, जमिनीवरील स्टँडवर ठेवावे. नळी थोडी लांब होते आणि खर्च थोडा वाढतो. उत्पादकाने सांगितलेल्या लांबीच्या मर्यादेत राहिले की थंडाव्यात फारसा फरक पडत नाही. गच्ची शक्य नसेल तर रस्त्याकडील किंवा अंगणाकडील भिंत निवडावी. बोळाखेरीज पर्यायच नसेल, तर निदान समोर खिडकी नाही अशा ठिकाणी यंत्र बसवावे आणि पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे. पंख्यातून आवाजाबरोबर गरम हवाही बाहेर पडते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट आधाराची. भिंतीवर ठोकलेल्या ब्रॅकेटमधून यंत्राची थरथर भिंतीत उतरते आणि भिंत सामाईक असेल, तर ती शेजाऱ्याच्या उशापर्यंत जाते. ब्रॅकेट आणि यंत्र यांच्यामध्ये जाड रबराचे पॅड घालणे अत्यंत आवश्यक आहे. किंमत किरकोळ, उपयोग मोठा. यंत्र पाणसळ लावून समतल बसले आहे ना, हेही पाहावे. नळी भिंतीतून जाते तेथे ती विटेला किंवा लोखंडाला टेकू देऊ नये. भोवती मऊ आवरण घालून छिद्र बंद करावे.

तिसरी गोष्ट यंत्राच्या निवडीची. इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रात कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे रात्री खोली थंड झाल्यावर आवाज उतरतो आणि सुरू-बंद होण्याचे धक्के बसत नाहीत. माहितीपत्रकात आवाजाचा आकडा दिलेला असतो. दुकानदार खोलीतील भागाचा आकडा सांगतो; आपण बाहेरील यंत्राचा आकडा विचारावा. आणि खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र घेऊ नये. जुन्या पद्धतीचे मोठे यंत्र लहान खोली झटकन थंड करून वारंवार बंद-सुरू होत राहते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : यंत्र बसवण्यापूर्वी शेजाऱ्याला सांगावे. भिंत आपली असली तरी बोळातील हवा दोघांची असते. "काकाजी, उद्या एसी बसवतो आहोत. यंत्र इकडे लावले तर तुमच्या खोलीला त्रास होईल का?" एवढेच विचारायचे आहे. छिद्र पाडण्याआधी विचारलेला हा प्रश्न, नंतरच्या शंभर खुलाशांपेक्षा मोलाचा ठरतो.

आधीच बसवलेल्या यंत्रांचे काय?

जुन्या यंत्राचा आवाज हळूहळू वाढत गेला असेल, तर त्याची कारणे बहुधा साधी असतात. पत्र्याचे स्क्रू सैल होतात, पंख्याचे पाते वाकते किंवा त्यात काडीकचरा अडकतो, रबर वाळून कडक होते, ब्रॅकेटचे नटबोल्ट ढिले पडतात. आपल्याकडे कापसाची आणि शेतीची धूळ पुष्कळ. ती यंत्राच्या जाळीत बसली की उष्णता बाहेर टाकण्यासाठी यंत्राला अधिक काळ आणि अधिक जोराने चालावे लागते. होळीच्या सुमारास, उन्हाळा सुरू होण्याआधी एकदा सर्व्हिसिंग करून घेतले, तर विजेचे बिल आणि शेजाऱ्याची तक्रार, दोन्ही कमी होतात.

यंत्राभोवती पत्र्याची पेटी करून आवाज कोंडण्याचा प्रयोग काही जण करतात. तो करू नये. यंत्राला हवा मिळाली नाही तर ते तापते, अधिक आवाज करते आणि लवकर बिघडते. यंत्र आणि शेजाऱ्याची खिडकी यांच्यामध्ये पुरेसे अंतर सोडून आडोसा उभारता येतो. मात्र हवेचा मार्ग मोकळा ठेवावा आणि आडोशात फटी ठेवू नयेत, कारण आवाज फटीतून निघतोच.

वापराच्या सवयींनीही पुष्कळ फरक पडतो. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीचे सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवलेले असते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. अठरा अंशांवर एसी लावून वर रजई घेण्याऐवजी पंचवीस-सव्वीस अंश आणि सोबत छताचा पंखा ठेवला, तर कॉम्प्रेसरवरचा ताण उतरतो आणि आवाजही. स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग लावणे, पश्चिमेच्या खिडकीला पडदा किंवा वाळ्याची ताटी लावणे, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक असलेले उपाय एसीचे कामच कमी करतात. काम कमी, तितका आवाज कमी.

बोलावे कसे?

त्रास होणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. सहा महिने मनात कुढत राहायचे आणि एके रात्री गच्चीवरून ओरडायचे, यात दोघांचेही नुकसान होते. आधी दोन-तीन रात्री निरीक्षण करावे : आवाज किती वाजता सुरू होतो, सतत आहे की थांबून-थांबून, खडखड आहे की गुणगुण. खडखड असेल तर काहीतरी सैल आहे, गुणगुण असेल तर थरथर भिंतीत उतरते आहे. मोबाइलवरील मोजणीचे ॲप अंदाजासाठी चालेल, पुराव्यासाठी नाही. यंत्र चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळचे आकडे आपल्या खिडकीपाशी घेऊन टिपून ठेवावेत.

मग दिवसा, सवडीने, शेजाऱ्याच्या घरी जावे. "भाऊ, तुमचा एसी बंद करा असे मी म्हणत नाही. घरात म्हातारी माणसे आहेत, तुम्हालाही गरज आहे. फक्त एकदा रात्री आमच्या खोलीत दहा मिनिटे बसून बघा." या बोलण्यात आरोप नाही, निमंत्रण आहे. बहुतेक माणसे ऐकतात, कारण बहुतेकांना हे खरोखरच माहीत नसते. मेकॅनिकचा खर्च निम्मा-निम्मा करण्याची तयारी दाखवली, तर पुष्कळदा समोरचा माणूस स्वतःहून पूर्ण खर्च करतो.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर सदनिकांच्या इमारतीत सोसायटीच्या समितीकडे, वस्तीत दोघांना मान्य असलेल्या वडीलधाऱ्या माणसाकडे विषय न्यावा. व्यावसायिक यंत्रांचा त्रास असेल तर लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. पोलिसांची मदत ११२ या क्रमांकावर मिळते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीस आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचे निर्देश पोलिसांना दिले आहेत, हेही ज्येष्ठ वाचकांनी लक्षात ठेवावे.

संस्थांचे उत्तरदायित्व अधिक

घरगुती एसी चार महिने चालतो. बँका, एटीएम, दवाखाने, शीतगृहे, मंगल कार्यालये येथील यंत्रे बाराही महिने चालतात आणि त्यांची संख्याही मोठी असते. सेवेत असताना मी पाहिलेला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. आमची एक शाखा जुन्या वस्तीतील भाड्याच्या इमारतीत होती. मागच्या बोळात पाच यंत्रे होती आणि त्यांतील एटीएमचे यंत्र रात्रंदिवस चालू असे. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांनी अर्ज दिला नाही, वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिले नाही. शाखेत येऊन एवढेच म्हणाले, "साहेब, रात्री अकरा वाजता माझ्याकडे चहाला या." आम्ही दोघे अधिकारी गेलो. चहा झाला. खोलीत बोलताना आवाज चढवावा लागत होता आणि आतल्या पलंगावर त्यांच्या आजारी पत्नी डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. गुरुजी यंत्रांविषयी एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या पंधरवड्यात एटीएमचे यंत्र गच्चीवर गेले, बाकीची चार यंत्रे शाखा बंद होताना बंद करण्याची जबाबदारी शिपायाच्या नोंदवहीत लिहिली गेली. सारा खर्च किरकोळ दुरुस्तीच्या मंजुरीत बसला. अडचण पैशाची कधी नव्हतीच. त्या खोलीत रात्री अकरा वाजता कोणी बसून पाहिले नव्हते, इतकेच.

आपल्या समाजाची भवने, धर्मशाळा आणि सभागृहे यांतही आता एसी बसले आहेत व बसत आहेत. विश्वस्त मंडळांनी यंत्रांची जागा ठरवताना भवनामागील घरांचा विचार नकाशातच करावा, अशी नम्र सूचना आहे. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांसाठी आपण आपल्या सभागृहात जी शांतता मागतो, तीच शांतता भिंतीपलीकडच्या घरालाही हवी असते.

शेवटी

उन्हाळे सौम्य होतील, अशी चिन्हे नाहीत. येत्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक गल्लीत आणखी यंत्रे लागतील, घाटावरही आणि घाटाखालीही. प्रत्येक नव्या यंत्रामुळे शेजारचे एक घर खिडकी बंद करील. खिडकी बंद झाली की त्यालाही एसी लागेल आणि त्याचे यंत्र तिसऱ्याच्या खिडकीसमोर बसेल. ही साखळी कोठेतरी तोडावी लागेल आणि ती तोडण्यासाठी रबराचे चार पॅड, थोडी जास्त नळी आणि एक प्रश्न एवढेच भांडवल पुरेसे आहे.

वाचकांना एकच विनंती. आज रात्री आपला एसी सुरू करून दोन मिनिटे बाहेर यावे. शेजाऱ्याच्या खिडकीच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन उभे राहावे आणि ऐकावे. त्यानंतर काय करायचे, ते कोणी सांगण्याची आवश्यकता राहणार नाही.